एकाच माणसाचं गाणं

हिंगणघाट, रविवार, ७ नोव्हेंबर २००४

दिनकर आज अर्धा चहा टाकून गेला. इतकी वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही दोघं माझ्या दिवाणावर बसून गाणं ऐकत आलो. समोर दोन स्पीकर, बस्स. परवा मुलानं पुण्याहून पाच स्पीकरांचा सेट आणला. आवाज चहूबाजूंनी यावा म्हणून दिवाण भिंतीला सारला आणि मधोमध एकच खुर्ची ठेवली. तिच्यात मी बसलो. दिनकर दिवाणावर, मागच्या स्पीकरखाली. लावली होती बुवांच्या मैफलीची डीव्हीडी.

"बुवा तिकडंच गाऊन राह्यले. मले नुसत्या टाळ्या ऐकू येतेत," तो म्हणाला.

"काका, तुमाले जुन्याची सवय हाय," मुलगा हसला.

मी का उठलो नाही? खरं म्हणजे तिथून फार सुरेख ऐकू येत होतं. उठवेचना.

"तू आईक निवांत," म्हणत दिनकरनं चपला घातल्या.

फाटकाशी तो जरा थांबलेला खिडकीतून दिसला. मी हाक मारीन म्हणून थांबला असेल का? असेलच. मी म्हटलं, एवढी तान होऊ दे. तान संपली तेव्हा रस्ता रिकामा होता.