‘वाचते’ असं मी लिहिलं

बाई,

तुमच्या वहीत मी खोटं लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. माझी ही खोड तुम्हाला माहीत होती. फाटे फोडू नकोस, काय झालं ते सांग, असं तुम्ही मला दिवसातून दोनदा तरी म्हणायचात. तुम्हाला जाऊन पन्नासावर वर्षं झाली. माझे दात गेले, आता कान जायला लागलेत, पण हे काही जात नाही. तुम्ही समोर होतात तोवर अवाक्षर काढलं नाही आणि आता कागद घेऊन बसले आहे. माझ्या या शौर्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

काचीगुड्याची आपली शाळा म्हणजे चौथीपर्यंतचे चार वर्ग, पुढे ओसरी, मागे नळ आणि नळाजवळ तीन पायऱ्या. स्टेशनातून गाडी सुटली की खिडक्या थरथरायच्या, तेवढं शिकवणं थांबवायचं. मी एकवीस वर्षांची, तात्पुरत्या जागेवर आलेली, तोऱ्यात. पहिल्याच महिन्यात एका मुलाला मी वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं. त्याला येईना. वर्ग हसला आणि मेली मीही हसले. तुम्ही दारात उभ्या होतात. मुलांसमोर काही बोलला नाहीत. मधल्या सुट्टीत मला मागच्या पायऱ्यांवर नेलंत आणि विचारलंत, “त्याला येत नाही हे तुला आज कळलं? मग महिनाभर काय करत होतीस?” तुम्ही म्हणालात, परीक्षा त्याची नव्हती, तुझी होती, आणि तू नापास झालीस. मी घरी जाऊन रडले, पण तुमच्यावर रागावून. स्वतःवर रागवायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

मुलांचं वाचन ऐकायची तुमची रीत मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकले. शनिवारी दुपारी तुम्ही चुलीपुढे भाकऱ्या थापत असायचात, अंबाडीची भाजी शिजत असायची, तुमची लेक आणि मी जुन्या कागदांच्या पट्ट्या कापत बसायचो. भाकरी तव्यावर टाकली की हात पुसून तुम्ही एका पट्टीवर चार ओळी लिहायचात. पुस्तकातलं एक वाक्य त्यात नसायचं. दर तीन महिन्यांनी एकेक मूल त्या मागच्या पायरीवर यायचं, एकटं, आणि ओळीवर बोट ठेवून तुमची पट्टी वाचायचं. मग एक हातच्याची वजाबाकी. बस. गुण नाहीत, नंबर नाहीत. वहीत प्रत्येकापुढे साधं वाक्य असायचं: जोडाक्षर आलं की थांबतो. हातचा विसरते. अक्षरं येतात, शब्द जुळत नाही. आणि जिला काही अडत नसेल तिच्यापुढे एकच शब्द, वाचते. ज्यांचं अडतं ती मुलं रोज शाळेआधी तासभर तुमच्यापाशी बसायची. मला तुम्ही सांगितलं होतंत, आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, बोटाकडे बघ. पाठ केलेलं असलं की तोंड पुढे पळतं आणि बोट मागे राहतं. दुसरा एक नियम होता, आपला वर्ग आपण ऐकायचा नाही. माणूस स्वतःच्या वर्गाला सांभाळून घेतो, असं तुम्ही म्हणायचात. किती ओळखून होतात.

मग छप्पन साली आपल्या राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे आणि आपण आंध्रात. सरकारी दफ्तरात कामाला असलेल्या बापांच्या बदल्या औरंगाबादला, परभणीला व्हायला लागल्या. दर आठवड्याला एखादं मूल पेढे घेऊन यायचं आणि आम्ही चाललो म्हणायचं. बाकांवर जागा व्हायला लागली. आपल्यातल्या एक बाई नांदेडला गेल्या, दुसऱ्या बाईंचं सामान बांधून झालं होतं. नवे साहेब मुआयन्याला येणार, शाळा तपासणार, मुलं कमी आणि कच्ची दिसली तर वर्ग मोडतील आणि तात्पुरत्यांना आधी घरी पाठवतील, असं जो तो बोलत होता. तात्पुरती मी एकटीच होते. आणि माझी तिसरी सगळ्यांत कच्ची होती, कारण मी शिकवत नव्हतेच, धडे घोकून घेत होते. हे मला ठाऊक होतं, बाई. कुणी सांगायची गरज नव्हती.

नेमका त्याच वेळी तुम्हाला मुदतीचा ताप आला. ऐकायची वेळ झालेली. तुम्ही अंथरुणात पडल्या पडल्या पट्ट्या लिहिल्यात आणि लेकीच्या हाती पाठवल्यात. बरोबर निरोप होता की दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा तुझा वर्ग तूच ऐक, माझा तुझ्यावर भरवसा आहे. तो निरोप ऐकून मला धन्य वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पायरीवर मी बसले आहे. पहिली चार मुलं तुमच्या पट्ट्यांपुढे गप्प. ही वही साहेबांपुढे गेली तर, एवढंच डोक्यात. मी पट्ट्या गोळा करून पिशवीत कोंबते आणि क्रमिक पुस्तक उघडते. त्यातला विहिरीचा धडा सगळ्या वर्गाला तोंडपाठ आहे. त्या चौघांनंतर एक मुलगी येते. लाकडाच्या वखारीतल्या गुमास्त्याची, आठ वर्षांची, तेलानं चप्प वेण्या. दुसरीपासून तुमच्या सकाळच्या तासाला बसणारी. ती बोट ठेवते आणि घडाघडा सुरू होते. तोंड तिसऱ्या ओळीत आणि बोट पहिल्या ओळीतल्या विहिरीवरच. मी बघते आहे. ते मला दिसत नाही असं नाही. धडा संपतो, बोट अजून दुसऱ्या ओळीत आहे. ती माझ्याकडे बघते. मी शाब्बास म्हणते आणि लिहिते, वाचते. मग वर्गातल्या सगळ्यांपुढे तेच लिहिते, आधीच्या चौघांपुढेसुद्धा. नळावर घागर भरणारी आपली आया, जिला स्वतःला अलीफ की बे कळत नव्हतं, तीही मला म्हणाली, “अम्मा, वो बच्ची तो मुँहजबानी बोली ना?” मी तिला म्हटलं, तुम्ही पाणी भरा.

तुम्ही बऱ्या होऊन आलात, निम्म्या झालेल्या, रिक्षातून उतरताना भिंतीला धरून. आल्या आल्या वही मागितलीत. वाचलीत आणि तुमचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिसरीचं सोनं केलंस म्हणालात. तुम्हाला शंका कशी आली नाही? मी पुष्कळदा तुमच्यावरही चिडले यासाठी. मग कळलं, जिला खोटं लिहावंसंच वाटत नाही तिला शंका तरी कुठून येणार. माझ्या वर्गाचा सकाळचा तास तुम्ही चौथीला देऊन टाकलात. दुसऱ्या दिवशी ती मुलगी सवयीनं लवकर येऊन पायरीवर बसली. तुम्ही तिची पाठ थोपटलीत, म्हणालात, जा खेळ, तुला येतं आता. तिनं माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही, दप्तर उचललं आणि गेली. आठ वर्षांच्या पोरीनं मला पाठीशी घातलं.

साहेब आले, त्यांना मराठी येत नव्हतं, घडाघडा ऐकून खूश झाले. शाळा राहिली, मी कायम झाले. तुम्ही मला इरकली साडी दिलीत, हळदी-कुंकू लावून. मी ती एकदाच नेसले, तुम्हाला दाखवायला. पुढच्या खेपांना शिक्षिका दोनच होत्या, म्हणून ज्यांचं अडतं तेवढ्यांचंच ऐकायचं तुम्ही ठरवलंत. माझ्या वर्गाची काळजी मिटली, म्हणालात. तुम्हाला हाक मारून खरं सांगायला माझ्याकडे वर्षभर होतं. रोज सकाळी तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर वर्ग उघडत होतात.

चौथी झाली की मुलं मोठ्या शाळेत जायची. त्या वर्षी तुम्ही कधी नव्हे ते वहीच मुलांबरोबर पाठवलीत, तिथल्या मास्तरांना कळावं की कुणाला कुठून शिकवायचं. तिथल्या हेडमास्तरांनी त्या मुलीपुढे एक न वाचलेलं पान ठेवलं. ती उभी राहिली ती उभीच. बाकीची कशीबशी निभावली, तिला घेतलं नाही. बापानं म्हटलं, पुरे झालं, घरी बस. वही परत करताना हेडमास्तर तुम्हाला चार लोकांत म्हणाले की तुमच्याकडे अशालाच वाचन म्हणतात वाटतं. हे मला तुमच्या लेकीनं सांगितलं, तुम्ही नाही.

तुम्ही मला एवढंच विचारलंत, त्याच पायरीवर. “तू ऐकलं होतंस ना तिचं? कशी वाचत होती?”

मी म्हटलं, “चांगली वाचत होती, बाई. तिचं डोकंच तसं आहे. आज येतं, उद्या विसरते.”

तुम्ही वहीत तिच्या नावावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, “वाचायला आलेलं कुणी विसरत नाही गं. बोट बघूनही कळत नाही, म्हणजे माझी ऐकायची रीतच चुकीची म्हणायची. इतकी वर्षं मी उगाच पोरांना इथं बसवलं.” आणि वही बंद केलीत. नुसती त्या दिवसापुरती नाही. पुढे पट्ट्या नाहीत, पायरी नाही, सकाळचा तास नाही. इतर शाळांसारखे तोंडी परीक्षेचे गुण सुरू केलेत. खोटं एका वर्गापुरतं होतं, पण त्यानंतरच्या सगळ्या मुलांचं ऐकणं त्यानं बंद पडलं. हे मला आजही सहन होत नाही. हिमायतनगरला लेकीकडे तुम्ही शेवटच्या अंथरुणावर होतात तेव्हा मी दर रविवारी येत होते. लोक म्हणायचे, काय माया आहे शिष्येची. कसली माया. आज सांगीन, आज सांगीन म्हणून यायचे आणि मोसंबी सोलून परत जायचे.

ती मुलगी मला पुन्हा भेटली, बाई. काचीगुडा स्टेशनात, कडेवर एक आणि हाताला दोन. तिनंच ओळखलं. वाकून नमस्कार केला, पोरांना म्हणाली, या माझ्या बाई, यांच्याकडे मी शिकले. मग हसत हसत विहिरीचा सबंध धडा म्हणून दाखवला, फलाटावर, एक शब्द न चुकता. पोरं आईकडे कौतुकानं बघत होती. गाडी आली तेव्हा तिनं मला विचारलं, पाटीवर काय लिहिलंय बाई, निजामाबादचीच ना ही. मी हो म्हटलं. तिला गाडीत बसवून दिलं. दुसरं काय करणार होते.

आता शेवटचं. माझी नात इथं कुकटपल्लीत सरकारी शाळेत शिकवते. परवा ती कागद पसरून बसली होती. त्यांच्याकडे आता प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून घेतात, अक्षर येतं का, शब्द येतो का, गोष्ट येते का, आणि त्यावरून ठरवतात कुणाला काय शिकवायचं. वरून हुकूम आहे. ती वैतागली होती. म्हणाली, “आजी, पोरं पाठ करून येतात, कळतच नाही खरं कोण वाचतंय.” मी पटकन म्हटलं, बोटाकडे बघ. तिनं दुसऱ्या दिवशी करून बघितलं. हरखून घरी आली, मला मिठी मारली आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. आणि मी म्हटलं, कुणी नाही गं, अनुभवानं येतं. बाई, या वयात. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, म्हणून तुमची तेवढी ठेवही मी माझ्याच नावावर लावली.

नातीचं तेलुगू वाचन बघाल तर तुम्हाला आवडेल, इंग्रजी तर काय बोलायलाच नको. मराठी बोलते छान, पण वाचता येत नाही. तिच्या बापालाही नाही. शिकवायला मला वेळ नव्हता असं मी सांगत आले आहे. आत्ता ती शेजारच्या खोलीत आहे, हाक मारली तर येईल, समोर बसेल आणि मी हे वाचून दाखवलं तर शेवटपर्यंत ऐकेल. मी हाक मारणार नाही. हे सगळं मी इतकं मोकळेपणानं लिहू शकले, ते या घरात वाचू शकणारं कुणी नाही म्हणून.