हिमनदीवरची शेवटची पट्टी

१४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! रोपवेच्या पाळण्यातून वर येताना ढग पायाखाली गेले आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. पाळण्यात दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं. ओबरकार नावाचं हे हॉटेल सव्वीसशे मीटरवर आहे. खोली ऐसपैस, पलंग पाइनच्या लाकडाचा, खिडकीतून तीन शिखरं दिसतात. व्हिएन्नात ज्यांनी मला कामावरून काढलं त्यांना ही खिडकी दाखवायला हवी.

मालकीण वालबुर्गा साठीची आहे, दंड सुतारासारखे. पहिल्याच वाक्यात तिने मला 'अगं हर्मिना' केलं. इथे वर सगळेच एकमेकांना एकेरीत बोलतात. हजार मीटरच्या वर 'अहो' म्हणायला दम पुरत नाही, हा त्यांचा पिढीजात विनोद. तिने तो दोनदा सांगितला. मी एकदाही हसले नाही.

आठ नोव्हेंबरला हंगाम सुरू होतो आणि पहिल्याच आठवड्यात म्युनिकचे चौसष्ट दंतवैद्य स्की करायला येतायत. त्यांच्या सुट्टीची आखणी हे माझं काम. कोण कुठे झोपेल, काय खाईल, कोणाला कोणता शिक्षक द्यायचा. हे मी झोपेतही करू शकते.

१७ ऑक्टोबर

दंतवैद्यांची पत्रं वाचतेय. एकाला उतार हवा, पण खाली जाणारा नको. एकीला बर्फ 'मऊ, पण ओला नाही' असा हवाय. एकाने सासूसाठी सूर्याकडे तोंड असलेली खोली मागितलीय आणि खाली बारीक अक्षरात, ती आपल्या खोलीपासून लांब असावी, असंही. त्यांचे अध्यक्ष डॉ. ओटोकार विमर स्वतःला पट्टीचे स्कीपटू म्हणवतात, पण बुटांचं माप 'मध्यम' असं लिहून पाठवतात. लोकांच्या तोंडात हात घालून पैसे मिळवायचे आणि वर्षातून एकदा इथे येऊन स्वतः तोंडावर पडायचं!

चौसष्टांपैकी एकतीस नवशिके आहेत. त्यांच्यासाठी हॉटेलसमोर सरावाचं मैदान करावं लागेल. अडचण एवढीच की यंदा बर्फच पडलेला नाही. सगळीकडे दगडगोटे.

२० ऑक्टोबर

बर्फ आहे, वर हिमनदीवर. उन्हाळ्यात तो वितळू नये म्हणून पांढऱ्या जाड कापडाच्या पट्ट्या शिवून तिच्यावर अंथरतात. आता त्या काढायचं काम चाललंय. मी रोपवेवाल्या विन्सेन्सबरोबर वर गेले. सत्तरीचा आहे, गुडघे कुरकुरतात, बोलतो त्याहून जास्त थुंकतो. माणसं मळकट कापडं गुंडाळत होती आणि खालून निघणारा बर्फ यंत्राने ढकलत होती.

कड्याखालच्या कोपऱ्यातली एक पट्टी मात्र कोणी काढेना. मी विचारलं, तर विन्सेन्स म्हणाला की ती तशीच राहते, नऊ वर्षं तशीच आहे. कारण विचारल्यावर थुंकला. तिच्याखाली सगळ्यात चांगला बर्फ असणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. या लोकांच्या डोक्यात मेंदूऐवजी चीज आहे, आणि तेही भोकांचं.

२४ ऑक्टोबर

काढलीच पट्टी. विन्सेन्सने साफ नकार दिला. गावच्या कोणीच हात लावला नाही. शेवटी लुबोश आणि त्याचा सोबती, स्लोव्हाकियाहून हंगामापुरते आलेले, ते तयार झाले. खाली काही नव्हतं. भूत नाही, सैतान नाही. अरुंदशी एक भेग आणि स्वच्छ निळसर बर्फ. यंत्राने भराभर मैदानावर आणून टाकला. एकतीस नवशिक्यांच्या पडण्याची उत्तम सोय झाली.

लुबोश म्हणत होता की पट्टीची आतली बाजू कोमट लागली. हातमोजा काढून त्याने पुन्हा पाहिलं म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, जेवणाबरोबरची बिअर कमी कर.

२७ ऑक्टोबर

दोरीवर वाळत घातलेल्या चार चादरी गेल्या. दुपारपर्यंत अकरा. वालबुर्गा मला म्हणते की मी मोजताना चुकले. जी बाई अजून बोटांवर खोल्या मोजते ती मला शिकवतेय!

आज जेवणघरातले टेबलक्लॉथही नाहीत. नोकरांच्या खोल्या तपासल्या. मोजे आणि सॉसेज सापडले, चादर एकही नाही.

३० ऑक्टोबर

सापडल्या. वर हिमनदीच्या त्या कोपऱ्यात, एकावर एक पसरलेल्या, लाकडासारख्या कडक गोठलेल्या. कडा नीट आत खोचलेल्या, जशा आपण झोपताना स्वतःभोवती खोचतो. येण्याजाण्याच्या पाऊलखुणा नव्हत्या.

हा विन्सेन्सचाच चावटपणा असणार म्हणून मी त्याला रोपवेच्या खोलीत गाठून झाडलं. तो म्हणाला, "सुताने त्याचं काय होणार, हर्मिना? त्याला तेव्हाही सुती सदऱ्यात थंडी वाजायची." आणि सगळं सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा पट्ट्या अंथरल्या, तेव्हा त्या शिवायला हंगेरीच्या सपाट मुलखातला एक माणूस ठेवला होता, देझो नावाचा. सतत थरथरायचा. सगळे त्याला 'कुडकुड्या' म्हणायचे. एका दुपारी गंमत म्हणून त्याचा कोट लपवला. तो शोधायला निघाला आणि कोपऱ्यातल्या भेगेत पडला. दोर पुरला नाही. खालून मदत मागवली असती तर चौकशी झाली असती, आणि हंगाम चार दिवसांवर आलेला. त्याचा आवाज थांबेपर्यंत ते वाट पाहत बसले. मग वालबुर्गाच्या नवऱ्याने वरून पट्टी ओढून घेतली. नवरा आता मेलाय. कोट लपवणारा विन्सेन्स.

मी त्याला भेकड म्हटलं, खुनी म्हटलं. त्याने दोन्हीला मान डोलावली.

पोलिसांना कळवायला हवं. पण आत्ता कळवलं तर हंगाम बुडेल आणि पहिली नोकरी माझी जाईल. नऊ वर्षं थांबलंय, चौकशी नाताळानंतरही होऊ शकते.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. गावकरी खाली थडग्यांवर मेणबत्त्या लावायला गेले. हॉटेलात आम्ही पाचजण. अठ्ठावीस रजया आणि माझा लोकरी कोट गायब.

जेवण झाल्यावर लुबोश आडवा झाला होता. भर दुपार, खोलीत ऊन, हीटर चालू. त्याची किंचाळी ऐकून धावलो. पांघरूण नव्हतं. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पांढरा, वाजवला तर लाकूड. तो म्हणतो, कोणीतरी शेजारी येऊन निजलं आणि हात कवटाळून धरला. दात वाजत होते त्याचे, लुबोशच्या कानाशी.

खाली दवाखान्यात नेलाय. डॉक्टर म्हणाले की हाताला हिमदंश झालाय, हा किती तास बाहेर पडला होता? त्याचा सोबतीही त्याच पाळण्यातून निघून गेला. पगारही मागितला नाही.

४ नोव्हेंबर

विन्सेन्सने काल एकट्याने पट्टी परत अंथरली. सकाळी ती बाजूला फेकलेली होती, ओली. तो म्हणाला, पांघरूण निजलेल्या माणसाला. हा आता उठलाय.

वालबुर्गाला म्हटलं, दंतवैद्यांना कळवू, सुट्टी रद्द करू. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "येऊ देत की. चौसष्ट जण आहेत, प्रत्येकाच्या अंगावर चांगला जाड कोट असेल. त्यातला एखादा त्याला पटेल, मग आपल्याला सोडेल."

मी आयुष्यभर माणसांचा तिरस्कार केलाय. पण असा नाही.

६ नोव्हेंबर

वालबुर्गाला न सांगता सगळ्यांना लिहिलं, येऊ नका, इथे धोका आहे. डॉ. विमर यांचं उत्तर आलं की व्हिएन्नाचे विनोद म्युनिकमध्ये चालत नाहीत, आम्ही शनिवारी ठरल्याप्रमाणे येतोय. शिवाय त्यांना न्याहारीला अंडं बरोबर चार मिनिटं उकडलेलं लागतं.

मूर्ख. मूर्ख.

आज जेवणघरात माझ्या मागच्या खुर्चीवर दात वाजत होते. वळून पाहिलं. खुर्चीवर दव.

७ नोव्हेंबर

विन्सेन्स म्हणतो की रोपवेची किल्ली वरच्या खोलीतून काढून घेतली तर खालून पाळणा हलवता येत नाही. उद्या एकही दंतवैद्य वर येणार नाही. पण मग वर राहणाऱ्याला पाळणा नाही. तो म्हणाला, मी राहतो, देणं माझं आहे. त्या गुडघ्यांनी तो दारापर्यंत तरी पोचेल का! मी चौथ्या वर्षापासून स्की करतेय, आणि परवापासून खालपर्यंत बर्फही पडलाय. सगळे खाली गेले की किल्ली काढायची आणि उतरायचं. पाऊण तास.

पाहुण्यांना खालून घेऊन यायचं म्हणून वालबुर्गा शेवटच्या पाळण्यात बसली. विन्सेन्सला ढकलून बसवावं लागलं. रडत होता म्हातारा. मी चिडून पाठ फिरवली.

८ नोव्हेंबर, सकाळ

काल किल्ली काढून दरीत फेकली, तोच ढग उतरला. हात पुढे केला तर हात दिसेना. अशात उतरणं म्हणजे कड्यावरून जाणं. परत आले. रात्रभर स्वयंपाकघरात, चारही शेगड्या पेटवून. आला नाही.

अजून सगळं पांढरं. हॉटेलात एक चिंधीही उरलेली नाही. पडदेसुद्धा—

११ वाजता

फोन. खालून डॉ. विमर. पाळणा का येत नाही, तक्रार करीन, म्हणाले. मी म्हटलं, करा. घरी जा आणि करा. चौसष्ट माणसं. मला हसू आलं, खरंच.

फोन कानाला चिकटला. सोडवताना कातडी—

दुपार

सॉनात, घाम काढायच्या गरम खोलीत बसलेय. भिंतीवरचा काटा नव्वद अंशावर. लाकडी दार आतून फळीने अडवलंय. अंगावर काही नाही, कापड नकोच जवळ. त्याला नेण्यासारखं इथे काही नाही.

घाम वहीवर पडतोय. बरं वाटतंय.

एकाहत्तर.

शेगडीवरचे दगड तर लाल आहेत. मग—

बावन्न.

दाराबाहेर दात. मी ओरडून म्हटलं, देझो, कोट विन्सेन्सने घेतला, मी नाही. मी पट्टी काढली फक्त, मला माहीत नव्हतं— माहीत झालं तेव्हाही—

थांबले. नुसतं कुडकुडणं.

त्याला कापड नकोच होतं. कधीच नको—

वीस.

फळी आपोआप पडली. दार उघडं. आत कोणी आलेलं दिसत नाही, पण बाकाची फळी माझ्या शेजारी दबली. जवळ सरकतोय. खांद्याला खांदा.

त्याचे दात वाजायचे थांबले.

माझे—