काचेतले देव

आबा, पुण्याच्या त्या संग्रहालयात तुम्हाला नेण्याची हौस माझीच. तेव्हा खोडदला दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या उभ्या राहत होत्या आणि मी ओतूरच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. संग्रहालयाच्या एका दालनात देशभरातल्या डोंगर-नद्यांची चित्रं, दुसऱ्यात आदिवासी आणि धनगरांची कला. चित्रांपुढून तुम्ही मेंढरं बसवायला रान बघावं तसे हिंडलात. एका हिरव्या डोंगरापुढं थांबून म्हणालात, "चारा लई हाय, पर पाणी कुठंय?" मला हसू आवरेना.

दुसऱ्या दालनात काचेखाली लाल कापडावर चांदीचे टाक मांडले होते, आपल्या देव्हाऱ्यात होते तसेच: खंडोबा, बिरोबा आणि कुणाच्या तरी घरातले मेलेले पुरुष, घोड्यावर बसवलेले. तुम्ही वहाणा काढल्या, कनवटीची पुडी सोडली आणि काचेवर भंडाऱ्याची बोटं ओढली. पहारेकरी धावत आला. "ओ बाबा, काचेला हात लावू नका." तुम्ही शांतपणे म्हणालात, "हात कुठं लावला? भंडारा लावला. ह्यांना जेजुरीला कोण नेतं?" तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला. कुणीच नेत नाही आबा, मी म्हटलं. बाहेर बाकावर तुम्ही कितीतरी वेळ तंबाखू मळत बसलात. मग म्हणालात, "मला पोरगा नाय. लेकीबरं देव जात नसत्यात. माझ्या माघारी नदीला सोड, पर हितं देऊ नको. आपली माणसं हायती ती." मला राग आला होता. तुमचं दुखलंखुपलं मी बघायचं आणि देव तेवढे पोराचे, हा कुठला न्याय?

तुम्ही गेल्यावर भावकीनं हात झटकले. चुलतभाऊ म्हणाला, "फ्लॅटमधी कुठं ठेवू? सोड नदीला." देव पदरात बांधून मी नदीवर गेले, पाण्यात उभी राहिले, पण गाठ काही सुटेना. तशीच निमगावला, सासरी आले. दुसऱ्या कुळाचे देव दारात बघून सासूबाई आधी उंबऱ्यातच थांबल्या. मग आमच्या देव्हाऱ्याशेजारी त्यांनी वेगळा पाट मांडला आणि म्हणाल्या, "पावणं आलंत म्हणायचं. आलेल्याला उपाशी ठिवत्यात व्हय?" तेव्हापासून दोन नैवेद्य होतात, आणि जेजुरीलाही दोन्ही घरचे देव एकाच पिशवीतून जातात.

गेल्या महिन्यात तुमचाही टाक करून घेतला. सोनाराकडं घोडेस्वाराचाच ठसा होता. आपल्या घोड्यावर तर बिऱ्हाड असायचं, कोंबड्या असायच्या, मी असायची. तुम्ही जन्मभर पायी. तरी म्हटलं, करा तसाच, बसू द्या एकदा. हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते: रोज आंघोळ घालताना खंडोबाच्या आधी मी तुम्हालाच उचलते.