डाव्या गालावरचा वण

८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे, बसून वाच. काल आपल्या ठसा मंडळाच्या प्रदर्शनात चार माणसं घुसली. मुलांचं मैदान गिळणाऱ्या बिल्डरवरची चित्रं आम्ही गल्लीभर टांगली होती, ती टराटरा फाडली. मास्तर आडवे गेले. एकाने त्यांचा उजवा हात ठसे छापायच्या प्रेसमध्ये कोंबला आणि चाक फिरवलं. ज्या हाताने तुला-मला कोरणी धरायला शिकवली, तो मनगटापर्यंत चेचला गेला. हाडं मोडल्याचा आवाज अजून कानातून जात नाही. मला दोघांनी भिंतीशी दाबून धरलं होतं गं, काही करता आलं नाही.

चाक फिरवणाऱ्याचा चेहरा मी क्षणभर पाहिला. डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत वण. घरी येऊन एका बैठकीत ठशावर कोरला, दोनशे प्रती काढून गावभर डकवल्या. एक सोबत आहे. सापडला की मी त्याला फोडून काढणार. आईला यातलं काही कळवू नकोस. तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा भाऊ

१२ जानेवारी

चि. आगपेटीस,
अ. उ. आ.

मास्तरांचं वाचून दिवसभर रडले. तू डोक्यात राख घालून घेतली आहेस हे अक्षरावरूनच दिसतंय, जेवलास की नाही ते मात्र लिहिलं नाहीस.

चेहरा सुरेख उतरलाय. पण वण उजव्या गालावर का रे? पत्रात तर तू डावा लिहिलायस. डोळ्यांसमोर आला तसाच ठशावर कोरलास ना? अरे, छापल्यावर डाव्याचं उजवं होतं, हे तू नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगतोस. हे वाचताच ऊठ आणि सगळ्या प्रती काढून टाक. कुणा भलत्याच्या जिवावर बेतेल. जपून राहा, मला काळजी आहे.

तुझी ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. एक दिवस उशीर झाला. परवा बसथांब्यावर लोकांनी उजव्या गालावर वण असलेल्या एकाला धरलं आणि मला बोलावून विचारलं, हाच का. मी त्याच्या तोंडाकडे कमी आणि हातातल्या कागदाकडे जास्त बघितलं, आणि हो म्हणालो. पहिला ठोसा माझा. तो हात जोडून सांगत होता की मी फरश्या बसवतो, मला यातलं काही माहीत नाही. मी मारतच राहिलो. मग बाकीच्यांच्या लाथा. त्याचा एक डोळा फुटलाय, अजून शुद्ध नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली.

प्रती काढून टाकल्या आणि सगळं कबूल करायला दवाखान्यात गेलो. त्याच्या बायकोने बसायला स्टूल दिलं. काय करता विचारलं, चित्रं छापतो म्हणालो. तर म्हणाली, भाऊ, पोलिसांना कुणी नाव सांगत नाही. यांच्यावर पहिला हात ज्याने टाकला त्याला कुणीतरी पाहिलं असेलच. विचारून त्याचा चेहरा काढून द्या, मी दारोदार लावते. कबुली न देताच उठून घरी आलो.

आज सकाळी माझा चेहरा कोरला. शाई वाळतेय, तोवर हे लिहितोय. वाळली की तिच्या हातात देणार आणि समोर उभा राहणार, म्हणजे तिला दारोदार फिरायला नको. आईला आता तूच सांग.

रागव, पण टाकू नकोस.

तुझा भाऊ