इंटरव्हलनंतरची खुर्ची

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २० नोव्हेंबर २००४

चि. सौ. विद्याश्री हिस,

शिवय्यादाजीचे आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? साडूंच्या गुडघ्याला ते काळं तेल लागू पडलं का, की नुसता सदऱ्यालाच वास येतोय? आम्ही बापलेक बरे आहोत. सोमेश भात लावायला शिकला आहे आणि मी तो खायला शिकतो आहे.

पत्रास कारण तूच आहेस. शांताच्या दिवसकार्याला पंगत उठल्यावर सगळ्या बायकांदेखत तू म्हणालीस, "दाजी, तुमच्या काटकसरीपायी आमच्या अक्कानं जन्मभर अर्धाच पिच्चर बघितला." तीन महिने झाले, ते वाक्य माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी येऊन बसतं. खरंच मी तिच्या वाटणीचं काही मारलं का, हे एकदा बघायचं ठरवलं आणि चौकशी केली. काय निघालं ते कळवतो.

आमची पद्धत तुला माहीत आहेच. सोमेश तान्हा होता, थिएटरात अंधार झाला की भोकाड पसरायचा. म्हणून एकानं बाहेर थांबायचं आणि एकानं आत, असं सुरू झालं. मग दोन तिकिटं कशाला? मी एक काढायचो. इंटरव्हलला चहाला बाहेर पडणाऱ्याला डोअरकीपर केरबा पुठ्ठ्याचा पास द्यायचा. तो मी शांताला द्यायचो, ती आत, मी पोराजवळ. केरबा पास बघतो, तोंड बघत नाही, हा माझा शोध होता आणि त्याचा मला अभिमान होता. पुढं सोमेश शाळेला जायला लागला, आजोळी राहायला लागला, तरी पद्धत मोडली नाही. तेव्हा बाहेरच्यानं सायकल राखायची असं ठरलं, म्हणजे स्टँडचेही पैसे वाचले. (हसू नकोस. त्या पैशातून भजी यायची.)

आता न्यायाचं बोलू. पहिला अर्धा मी घेतला, शेवट तिला दिला. आंब्याची फोड तिला आणि कोय मला, असाच माझा हिशोब होता. घरी येताना ती कॅरिअरवर बसून मला पुढचं सगळं सांगायची. सायकल चालवताना मागं वळून बघता येत नाही, नाहीतर तिचा चेहरा बघून तेव्हाच काहीतरी ध्यानात आलं असतं.

तर गेल्या रविवारी त्याच थिएटरला आमच्या वेळचा एक पिच्चर मॅटिनीला परत लागला. अकरा वर्षांपूर्वी अर्धा बघितलेला. म्हटलं, तिनं काय बघितलं ते तरी बघावं. पहिल्यांदाच इंटरव्हलनंतर आत बसलो. विद्या, शेवट सगळा निराळाच निघाला. शांतानं सांगितलं होतं की हिरोची हरवलेली आई मिरजेच्या दवाखान्यात सापडते, आणि खलनायक पस्तावून पिठाची गिरणी घालतो. इथं आई गाणं म्हणता म्हणता मेली आणि खलनायक डोंगरावरून खाली पडला. गिरणीचा पत्ता नाही. (हिंदी पिच्चरमध्ये मिरज कुठून आलं, ही शंका मला अकरा वर्षांत आली नाही. या गिरणीवरून मी शाळेत हंबीरराव ड्रिलमास्तरांशी भांडलो होतो. मी नुसता क्लार्क, ते तापट, तरी मी हटलो नाही. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.)

बाहेर दारात केरबा उभा होता. केस पांढरे झालेत, बॅटरी तीच. मी विचारलं, या पिच्चरचा शेवट मधे कधी बदलला का? त्यानं मला खालीवर बघितलं.

"पावणं, तुमी ते इंटरव्हलपातुर बगणारं न्हवं? आज पुरा बगितला व्हय?"

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग म्हणाला, "वैनी कुठं पिच्चर बगायच्या? पंख्याखाली कडंची खुर्ची धरली की झोपायच्या. शो सुटला की मीच बॅटरी मारून उठवायचो. मला म्हनल्या हुत्या, केरबा, घरात येवढी झोप कोन देतंय? ह्येनला सांगू नगा, तिकिटाचं पैसं वाया गेलं म्हनतील."

पहाटे पाचला उठून पाणी भरणारी बाई ती. सव्वा तास पंख्याखाली गाढ झोपायची आणि उठून कॅरिअरवर बसेपर्यंत एक अख्खा शेवट तयार करायची. मी तिकिटाचे पैसे वाचवायचो, ती त्यात झोप वसूल करायची. तेव्हा तुझा आरोप मी नाकारतो. तुझ्या अक्कानं अर्धा पिच्चर बघितलेलाच नाही. एकही बघितला नाही.

साडूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिवय्यादाजी

ता. क. खरं काम राहिलंच. दिवाळीला आलीस की तू स्वयंपाकघरात तिच्याकडून ते शेवट ऐकायचीस. मला नऊच आठवतात, आणि त्यातल्या दोनांची सरमिसळ होते. तुला आठवतील तेवढे लिहून पाठव. वहीचा आणि पोस्टाचा खर्च माझा. खरे शेवट नकोत, ते दुकानात सीडीवर मिळतात.

ता. क. २ वैनी कुठं हायत, असं केरबानं शेवटी विचारलंच. माझ्याच्यानं सांगवलं नाही. जयसिंगपूरला बहिणीकडं गेलीय म्हणालो. कधी येणार म्हणाला, तर म्हटलं, बहीण सोडत नाही. तू कधी इकडं आलीस आणि त्यानं तुला दोष दिला, तर मुकाट्यानं ऐकून घे.