त्रेसष्ट शिट्टीकाका

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचीही तयारी होती, पण खोलीतली जमीन सध्या वायरी आणि हार्ड डिस्कनी व्यापलेली आहे. त्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसून, मान साधारण तीस अंशांत वाकवून केलेला समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे नेमकं कळवावं. दोन्हींची कारणं वेगळी असतात. मामीचा हरवलेला चष्मा फ्रिजमध्ये सापडल्याचं आईकडून कळलं, पण आईची माहिती ऐकीव असल्यामुळे मी ती अजून पक्की धरलेली नाही. इकडे सगळे खुशाल. आपलं बोलणं होऊन आज अकरा महिने आणि चार दिवस झाले. ही तक्रार नाही, नोंद आहे.

पत्र लिहायचं विशेष कारण काही नाही. सहज. फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल, तर फोनवर माझ्या आवाजावरून तुम्हाला सगळं कळतं आणि ते मला सोयीचं नाही. गेल्या वर्षी तुमच्या फोटोंना शिस्त लावताना आपल्यात जे झालं त्याबद्दलही मला काही म्हणायचं नाही. वस्तुस्थिती एवढीच की तुमच्या डिस्कवर ‘नवीन फोल्डर’पासून ‘नवीन फोल्डर (३१)’पर्यंत एकतीस फोल्डर होते, आणि शिवाय एक ‘हे काढू नको गं’ नावाचा. त्यातल्या आठ हजार दोनशे फोटोंपैकी पाच हजार नऊशे मी निरुपयोगी ठरवले. (निकष लेखी होते: हललेला, तिरका, अंगठा आलेला, कारण नसताना काढलेला.) मी शेवटचं बटण दाबणार तेवढ्यात तुम्ही वायरसकट डिस्क ओढून घेतलीत आणि म्हणालात, “तुझ्या कपाटात सगळं जागच्या जागी असतं गं बाई, पण ठेवलेलं काही उरत नाही.” त्या वेळी मला हे वाक्य निरर्थक वाटलं होतं. सध्या मी त्याचा फेरविचार करते आहे.

झालं ते असं. माझा छंद तुम्हाला माहीतच आहे. पहिला कॅमेरा तुम्हीच दिलात. गावात जे जे काही होतं त्याचे फोटो मी काढते: वाचनालयाचा वर्धापनदिन, अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक, मांजरांचं प्रदर्शन, पुलाच्या उद्घाटनाची फीत (ती कात्रीनं कापली गेली नाही, शेवटी दातांनी तोडली, तेही माझ्याकडे आहे). लोकांना वाटतं मला समारंभांची आवड आहे. तसं नाही. समारंभात हातात कॅमेरा असला की लग्नाचं कधी करतेस असं कोणी विचारत नाही, ‘जरा सरकता का’ एवढंच म्हणतात. घरी आल्यावर प्रत्येक फोटोला तारीख, प्रसंग, जागा आणि क्रमांक मिळतो. ऑफिसात मी दिवसभर इतरांचे वजनकाटे आणि तापमापक बरोबर मोजतात की नाही ते तपासते, त्यामुळे घरी तरी ढिसाळपणा नको, असं माझं मत होतं. (भूतकाळ मुद्दाम वापरला आहे.)

आता शिट्टीकाका. आपल्या पोहण्याच्या तलावावरचे जीवरक्षक, तुम्ही त्यांना ओळखता. दर वर्षी सुट्टीत आमच्याकडे आलात की वार्षिक स्पर्धेला तुम्ही माझ्याबरोबर यायचातच. एकतीस वर्षं नोकरी, एकही माणूस बुडालेला नाही. मी तेविसाव्या वर्षी पोहायला शिकले तेव्हा महिनाभरात ते माझ्याशी तीन शब्द बोलले: पाय, श्वास आणि पुन्हा. इतकं समाधानकारक संभाषण माझं क्वचितच कोणाशी झालं असेल. स्पर्धेच्या वेळी ते तिसऱ्या मार्गिकेच्या टोकाला उभे राहतात. डावा हात कमरेवर, उजव्या हातात छातीशी शिट्टी, हनुवटी वर आणि नजर पाण्यावर. कॅमेऱ्याकडे ते कधीच बघत नाहीत. मी दर स्पर्धेला त्यांचा एकच फोटो काढते, नेहमी त्याच फरशीवर ट्रायपॉड ठेवून (भिंतीपासून सातवी फरशी, कोपरा तुटलेली), त्याच लेन्सनं, पहिल्या शर्यतीच्या शिट्टीआधी. नऊ वर्षं, वर्षाला सात स्पर्धा आणि या वर्षीची एक, असे चौसष्ट शिट्टीकाका माझ्याकडे होते.

पाच आठवड्यांपूर्वी ते आपण होऊन माझ्याशी बोलले. पाण्याकडे बघतच म्हणाले, “तुम्ही माझे फोटो काढता ना दर वेळी? निवृत्तीच्या दिवशी सगळे ओळीनं दाखवाल का? आरशात रोज बघतो, त्यामुळे कळतच नाही. माणूस म्हातारा नेमका कधी झाला ते एकदा बघायचंय.” मी हो म्हटलं. मामा, मी सहसा कोणाला हो म्हणत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. समारंभ येत्या रविवारी सकाळी दहाला, तलावावरच. भिंतीवर पडदा लागणार आहे. हे सगळं ठरल्यावर, फोटो पटकन सापडावेत म्हणून, मी माझ्या एकेचाळीस हजार फोटोंतले दुबार फोटो शोधून काढून टाकणारा एक प्रोग्राम लिहिला. स्वतःच लिहिला, म्हणून दोष द्यायलाही दुसरं कोणी नाही.

प्रोग्राम उत्तम चालला. वीस मिनिटांत त्यानं अहवाल दिला: तीन हजार एकशे बारा दुबार फोटो काढले. मी कचरापेटी रिकामी केली. (रिकामी न केलेली कचरापेटी मला बघवत नाही.) मग माझी बॅकअपची व्यवस्था, जी मुख्य डिस्कवर जे होईल ते दुसऱ्या डिस्कवर इमानेइतबारे उतरवते, तिनं तो नाशही अकरा मिनिटांत इमानेइतबारे उतरवला. त्यानंतर मी शाळेच्या धावण्याच्या शर्यतींचे बाराशे फोटो त्याच रिकाम्या जागेत भरले, म्हणजे पुसलेलं परत मिळवायची वाटही बुजवली. आणि मग शिट्टीकाकांचा फोल्डर उघडला. त्यात एक फोटो होता. प्रोग्रामचं म्हणणं असं की बाकीचे त्रेसष्ट हे याचेच आहेत, साम्य अठ्ठ्याण्णव टक्के. माणूस नऊ वर्षं एका जागी एकाच पवित्र्यात उभा राहिला आणि मी नऊ वर्षं एका फरशीवरून एकाच मापात तो टिपला; दोघांपैकी एकानं जरी कधी कंटाळा केला असता, इंचभर इकडेतिकडे सरकलं असतं, तरी ते वाचले असते. क्षणभर वाटलं, हाच अहवाल त्यांना द्यावा: काका, तुम्ही नऊ वर्षांत बदललाच नाहीत, हा घ्या पुरावा. पण उरलेले दोन टक्के हेच तर त्यांना बघायचे होते.

माझी चूक झाली हे मी फक्त तलावाच्या चिटणीसबाईंना सांगितलं, कारण पडदा त्यांच्या ताब्यात आहे. त्यांनी कपाळाला हात वगैरे लावला नाही. “अगं, त्यात काय एवढं! दुसरं कोणीतरी उभं करू आणि काढू त्रेसष्ट. लांबून कोणाला कळतंय?” दुसरं कोणीतरी म्हणजे त्यांचे यजमान. मी नकार द्यायच्या आत यजमान निळी चड्डी, पांढरी टोपी आणि गळ्यात शिट्टी घालून हजर, पायांत मात्र बूट (फरशी गार लागते म्हणून). टोपीबाहेरचे केस सुरुवातीच्या वर्षांसाठी काळे आणि नंतरच्या वर्षांसाठी पांढरे करायचे म्हणून बाईंनी पर्समधून एक काजळाची डबी आणि एक पावडरचा डबा काढला. मामा, मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे. तरीही मी सातव्या फरशीवर ट्रायपॉड लावला. माणूस किती खाली घसरू शकतो हे मोजायचं उपकरण आमच्या प्रयोगशाळेत नाही, हे बरंच आहे.

यजमानांची अडचण अशी की कॅमेरा दिसला की ते हसतात. “हसू नका हो, शिट्टीकाका कधी हसतात का?” बाई म्हणाल्या. “अगं, पण फोटो काढतायत ना!” यजमान म्हणाले. पोट आत घेतलं की श्वास अडायचा, श्वास सोडला की पोट बाहेर, आणि पाण्याकडे बघा म्हटलं की त्यांना चक्कर यायची. चौदा फोटो झाले. पंधराव्याला ते अंदाज घेत काठावर सरकले आणि तेवढ्यात पलीकडून खऱ्या शिट्टीकाकांनी जोरात शिट्टी फुंकली, कारण काठावर बुटांना बंदी आहे. यजमान दचकले आणि बुटांसकट पाण्यात. काकांनी तीन हातांत गाठून त्यांना बाहेर काढलं, उपडं केलं, पाठ थोपटली आणि मग बारकाईनं त्यांच्याकडे पाहिलं. स्वतःसारखीच टोपी, स्वतःसारखीच शिट्टी, आणि अर्ध्या चेहऱ्यावर ओघळलेलं काजळ. माझ्याकडे वळून म्हणाले, “हे काय चाललंय?” मी म्हटलं, “चाचणी.” ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि अशी उत्तरं मी ऑफिसात दुसऱ्या कोणाची चालवून घेतली नसती.

मग मी सरळ मार्ग धरला. तलावाच्या फलकावर चिठ्ठी लावली: स्पर्धांचे जुने फोटो असल्यास द्यावेत. (कारण लिहिलं नाही.) चार दिवसांत दोन हजार तीनशे चाळीस फोटो जमले. प्रत्येकानं आपापलं मूल काढलेलं आहे. मूल उडी मारताना, मूल शिंकताना, पदक चावताना. शिट्टीकाकांचं कोपर एकेचाळीस फोटोंत आहे, गुडघे बारांत, आणि एका फोटोत नुसती चप्पल, तीही त्यांचीच हे खात्रीनं सांगता येत नाही. एकतीस वर्षं हा माणूस सगळ्यांच्या मुलांकडे बघत उभा होता, आणि त्याच्याकडे बघणारी मी एकटी होते, ती अशी.

तर एकूण परिस्थिती नियंत्रणात आहे. काळजी नसावी. रविवारपर्यंत काहीतरी निघेल. उरलेला एक फोटो मोठा करून लावावा आणि खाली एकतीस वर्षं असं लिहावं, असं चिटणीसबाई सुचवतात. यजमानांना सर्दीपलीकडे काही झालेलं नाही. मामीला नमस्कार. आईनं तुम्हाला पायऱ्या कमी चढायला सांगितलंय.

आपली भाची

ता. क. तुमची ती डिस्क अजून आहे का? नऊ वार्षिक स्पर्धांना तुम्ही हजर होतात आणि प्रत्येक वेळी कॅमेरा घेऊन होतात. शोधत बसू नका, कुरिअरनं जशीच्या तशी पाठवा, सगळे एकतीस नवीन फोल्डर. मी नावं बदलणार नाही. कशालाही हात लावणार नाही, नुसती बघेन.

ता. क. २. तुमचे पाच हजार नऊशे फोटो मी निरुपयोगी ठरवले होते, तो आकडा मी मागे घेते. नवा आकडा काढलेला नाही आणि काढणारही नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आज सकाळी पोहायला गेले तेव्हा शिट्टीकाकांना सगळं सांगून टाकलं. चौसष्ट, त्रेसष्ट, एक, असं आकड्यांतच सांगितलं, कारण आकडे सांगताना आवाज हलत नाही. शेवटच्या आकड्याला हलला. ते पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, “ते तुमचे जाडे मामा येणार आहेत ना रविवारी?” (जाडे हा शब्द त्यांचा.) मी म्हटलं, आमचं सध्या बोलणं नाही. तर म्हणाले, “अहो, शर्यत ऐन रंगात आली की दर वर्षी बरोबर माझ्यासमोर येऊन उभे राहतात. पाणीच दिसत नाही. मी ओरडतो, बाजूला व्हा! आणि तेवढ्यात ते माझाच फोटो काढतात. दर वर्षी!”

मामा, मला ते फोटो आठवले. थोडे हललेले, एका कोपऱ्यात तुमचा अंगठा. ‘व्यक्ती रागावलेली, उपयोग नाही’ असा शेरा मारून मीच ते काढायच्या यादीत टाकले होते. नऊ वर्षं, नऊ चेहरे, आणि प्रत्येकात ते सरळ कॅमेऱ्यात बघतायत. माझे चौसष्टच्या चौसष्ट उरले असते तरी त्यांत त्यांना स्वतःचे डोळे दिसले नसते. तेव्हा डिस्क कुरिअरनं पाठवू नका, स्वतः घेऊन या. शनिवारची सकाळची गाडी धरा, मी स्टेशनवर येते. काकांचा निरोप आहे: रविवारी पाण्यावर नजर ठेवायचं काम दुसऱ्या माणसाकडे दिलंय, मामांना सांगा, खुशाल आडवे या.