आईच्या रडण्यातले सात सेकंद

२ डिसेंबर, मंगळवार. अमरावती

मधल्या सुट्टीत सातवी 'ब'च्या बाहेर चार पोरी गोल करून उभ्या. एकीने ओढणी डोक्यावरून घेतलेली, छाती पिटत होती. बाकीच्या हसून हसून वाकल्या होत्या. "चाय मांडली होती नाऽ अद्रकाची, आता कोन पेईन व मायऽ."

ओरडायला गेले आणि पाय थांबले. शब्द माझ्या आईचे. हेलसुद्धा तिचाच. 'नाऽ' म्हणताना तिचा आवाज फाटतो, तेवढं फाटणंही त्या पोरीने बरोब्बर उचललेलं.

कुठून शिकलात, विचारलं. "मॅडम, ट्रेंडिंग आहे ना. तुम्ही पाहिलं नाही?"

पुढचे दोन तास काय शिकवलं देव जाणे. विशेषण असावं.

३ डिसें.

पाहिलं. दार लावून पाहिलं, चोरी केल्यासारखं. चोरी माझी नाही तरी.

सात सेकंद. आई बाबांच्या पायांशी बसलेली, पदर घसरलेला. मागून ढोलकी घातली आहे कुणीतरी. खाली हसणाऱ्या तोंडांच्या रांगा. 'काकापेक्षा चहाचं दुःख जास्त.' 'काकू पेटल्या.' 'अस्सल वऱ्हाडी कॉमेडी.'

आणि तोच आवाज घेऊन लोकांनी आपापले व्हिडिओ केलेत. कुणाचा कप सांडतो, मागून माझी आई रडते. कुणाचं कुत्रं बशी चाटतं, आई रडते. एका नवरीच्या हातांना मेंदी, तिला कप धरता येत नाही, आई रडते. इथल्याच एका टपरीवाल्याने जाहिरात केली आहे. त्याच्या पातेल्याला वाफ येते आणि माझी आई रडते.

बाबांना जाऊन सव्वा महिना. सकाळी म्हणाले, चाय मांड, अद्रक टाकजो. ओसरीवर पेपर उघडून बसले. ती कप घेऊन आली तोवर सगळं झालं होतं. हे त्या सात सेकंदांत नाही.

वऱ्हाडी बोललं की कॉमेडी. आम्हाला आमच्या भाषेत मरायचीही सोय ठेवली नाही लोकांनी.

४ डिसें.

ह्यांना दाखवलं. म्हणाले, चार दिवसांत लोक विसरतात. लोक विसरतील हो. मी कशी विसरू?

आमच्याकडे बाया नुसत्या रडत नाहीत, शब्द घेऊन रडतात. गेलेल्या माणसाशी बोलत, त्याचे गुण काढत. अकोटला आमच्या गल्लीत कुणी गेलं की पहिला निरोप आईला. ती दारात पहिला हेल काढते तेव्हा कुठे बाकीच्यांचा बांध फुटतो. कोण काय खायचा, कोणाची कोणती गोष्ट राहून गेली, सगळं तिच्या ध्यानात. सुतारबुवा गेले तेव्हा तिने त्यांच्या कानावरच्या पेन्सिलीचं नाव काढलं आणि इतका वेळ दगडासारखा बसलेला त्यांचा मुलगा हमसून रडला. मी पाहिलंय.

आणि माझ्या सासऱ्यांच्या मातीला ती इथे आली तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, आई, इथे जरा हळू. शेजारी प्रोफेसर राहतात.

ते का आठवलं आज.

५ डिसें., शुक्र.

नंदूला पुण्याला फोन. हा माझा धाकटा भाऊ, त्या दिवशी पोचू शकला नव्हता. मी आधी तोफ डागली. असल्या लोकांना माणसं म्हणायचं का, मेलेल्याच्या घरात फोन काढणाऱ्याचे हात... वगैरे.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मी त्यातला एक तुकडा स्टेटसला ठेवला होता. त्या दिवशी फार भरून आलं होतं. तिथून कोणी उचलला असेल."

"तुला लाज नाही वाटली?"

"तूच पाठवला होतास ना मला."

फोन ठेवला मी.

हो. मी पाठवला होता. तीन दिवस इथे लिहीत आहे आणि हे लिहिलं नाही. फोन माझ्या हातात होता. नंदू विमानतळावर अडकलेला, म्हणाला, मला काहीतरी दिसू दे. मी खांबाआड उभी राहून साडेचार मिनिटं आईला टिपत होते. रडायचं सोडून.

तर हात माझेच.

७ डिसें., रवि. अकोट

अकोटला येताना परतवाड्याला उतरले. ज्या पेजने ढोलकी घातली ते एक बाई चालवते, पत्ता तिच्या व्हिडिओत मागे पाटीवरच दिसतो. साड्या, फॉल-पिको. वाटलं होतं कोणी टवाळ असेल, चार शब्द सुनावू. निघाली तिशीतली, कडेवर पोर.

मी कोण ते सांगितलं. तिचा चेहरा पडला. "मले वाटलं नाटकातलं हाय ताई. खरंच. इतकं चांगलं कोन रडते आता?"

चांगलं म्हणे. "मग हसण्यावारी का नेलंस?"

"लोक हासले म्हनून." एवढंच. मग सवयीने विचारून बसली, "चाय घेता का?" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. पोर तेवढं खेळत होतं.

माझ्यासमोर तिने व्हिडिओ काढून टाकला. वर म्हणाली, "माह्या पेजवरून गेलं. पन आवाज आता साऱ्याइचा झाला ताई."

साऱ्यांचा कसा झाला? नवरा आईचा गेला. चहा आईचा थंड झाला. तुम्ही सारे कोण? हे मला तिथे सुचलं नाही, बसमध्ये अंजनगाव ओलांडल्यावर सुचलं. आता काय उपयोग.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आईला माहीत आहे. आठ दिवसांपासून. समोरच्या रजियाभाभींच्या नातीने दाखवलं, पोरीला काय कळतं, तिला वाटलं आजी खूश होईल. रजियाभाभींनी नंतर त्या पोरीला चांगलं झोडपलं म्हणे.

मी तयारी करून आले होते, कसं सांगायचं, काय सांगायचं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता विचारलं,

"मी इतकी वाईट रडतो काय व मंगल?"

जगातल्या झाडून साऱ्या फोनांना काडी लावावी वाटली, आणि पहिला माझा. व्हिडिओ मी काढला होता, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम हाय. खांबामांगं तुई साडी दिसे." बस. रागावली असती तर बरं झालं असतं.

१४ डिसें., रवि. अकोट

पहाटे फोन, गंगाकाकू गेल्या. आईची शेजारीण, चाळीस वर्षांची सोबत, दोघींच्या भिंतीला एक खिडकी होती वाटीभर साखर द्यायला. नऊपर्यंत पोचले.

अंगण भरलेलं. आई आत आली तशी बायांनी वाट दिली. सगळ्या थांबल्या, आता ही हेल काढेल. मी बघत होते. कोपऱ्यात एका मुलीने फोन वर केला. दुसरी एक. बहुतेक घरी कुणाला दाखवायला. बहुतेक माझ्यासारखंच, कुणी दूर अडकलं असेल.

आईने फोन पाहिले. पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून बसली. एक शब्द नाही. बाकीच्या जराशा मुसमुसल्या आणि मग कोण किती वाजता येणार याच्या गोष्टी सुरू झाल्या. गंगाकाकूंना उचललं तेव्हा भटजींच्या मंत्राशिवाय आवाज नव्हता.

परतताना रजियाभाभी आईचा हात धरून म्हणाल्या, "भाभी, तुम रोई नई, तो गंगाबाई गई सरीखा लगाच नई."

आईने हात सोडवून घेतला.

१६ डिसें.

वर्गात त्या पोरींना सांगितलं. नावानिशी. ती माझी आई, ते माझे वडील. ओढणीवाली पोर रडायला लागली, 'सॉरी मॅडम'. मागच्या बाकावर दोघी आपसात हसल्या. सांगून मन हलकं होईल वाटलं होतं. उलट आता शाळाभर 'चायवाल्या काकूंची मुलगी'.

मीच पूर्वी पोरांची 'मले, तुले' लाल शाईने कापत असे. तेही आठवतं आहे.

२१ डिसें., रवि. अकोट

दुपारी आई म्हणाली, "तुयावाला दाखव. पुरा."

नको म्हटलं. ऐकेना. साडेचार मिनिटं फोन कानाला लावून बसली, चित्राकडे बघितलंच नाही. मधे मधे मान हलवत होती. चहाचं वाक्य येऊन गेलं, तिथे काही झालं नाही तिला. पुढे, जिथे ती बाबांना म्हणते की पोळ्याला बैल नाही राहिले तरी तुम्ही गोठा झाडत होता, तिथे डोळे मिटले.

संपल्यावर म्हणाली, "चष्म्याचं राह्यलं. त्याईचा चष्मा रोज हरपे अन् मी शोधून देवो. ते घ्या लागत होतं."

म्हणजे तिला चूक सापडली होती. लोकांना जी सापडली ती नाही, तिची स्वतःची.

मी विचारलं, पुसून टाकू का फोनमधून? "राहू दे. माह्या मांगं तरी कोनाले समजन, पुरं कसं असते."

ते सात सेकंद लाखोंनी पाहिले असतील. साडेचार मिनिटं आम्ही तिघांनी. याचा राग कुठे नेऊन घालावा?

२६ डिसें., शुक्र. अकोट

गंगाकाकूंची तेरवी. लेक सुरतेहून आज येते आहे. ऑपरेशन झालेलं, मातीला येता आलं नाही तिला. दहाची गाडी.

सकाळीच आईने पांढरं लुगडं काढलं. मी म्हटलं, तू जाऊ नकोस, पुन्हा फोन असतील. ती माझ्यावरच उखडली.

"असतीन तं असतीन. लेक दारात येईन अन् कोनी रडलं नाही, तं तिले काय वाटन? आपली माय कोनाचीच नोती?"

लुगड्याची घडी मोडत पुढे म्हणाली,

"अन् तू माह्याजवळ बस. माहा आता दम नाही पुरत. मी थांबली की तू उचलजो."

मला येत नाही, म्हटलं. एम.ए. मराठी, बत्तीस वर्षं शिकवते आहे, आणि खरंच येत नाही. बाबा गेले तेव्हाही मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. लोकांनी टिपलं तर? शाळेत? नंदूच्या ऑफिसात? हे सगळं बोलले. ती ऐकत होती आणि निऱ्या सारख्या करत होती.

फोन बंद करून फ्रिजवर ठेवला आहे. माझा तेवढा ठेवता येतो.

गंगाकाकूंचं काय घ्यायचं, विचारलं. खिडकीचं घेऊ का? साखरेच्या वाटीचं? पहिला शब्द कोणता?

"ते आधी ठरवाचं नसते," म्हणाली. चप्पल घालून दारात उभी आहे. गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबल्याचा आवाज आला आत्ता.